चारनंतरची हातगाडी

भूगर्भशास्त्र विभागात त्याला सगळे काटेकोर म्हणत. तो तिथल्या प्रयोगशाळेतला तंत्रज्ञ, खडकांमधलं चुंबकत्व मोजायचं काम त्याचं. इमारतीच्या मागे झाडांच्या आड त्यासाठी एक लाकडी खोली बांधली होती. तिच्यात लोखंड औषधालाही नव्हतं. खिळे तांब्याचे, बिजागऱ्या पितळेच्या. आत एका बारीक धाग्याला दोन इवलीशी चुंबकं टांगलेली, त्यांना आरशाचा तुकडा चिकटवलेला, आणि आरशावरून उडालेला प्रकाशाचा ठिपका समोरच्या पट्टीवर. दगड खाली ठेवला की ठिपका सरकायचा. किती सरकला ते तो नोंदवहीत लिहायचा.

आत जाण्यापूर्वी किल्ल्या, पट्टा, घड्याळ बाहेरच्या टोपलीत ठेवावं लागे. एकदा त्याने खुद्द विभागप्रमुखांना चष्मा काढायला लावला. बिचारे पट्टी न दिसताच मान डोलावून बाहेर आले.

या खोलीत एक संशोधक बाई दगड घेऊन आली. वय सव्वीस, बोलणं मोजकं. डोंगरकड्यांवरून लाव्हाचे तुकडे तिने स्वतः काढून आणले होते. लाव्हा थंड होताना त्यातले लोहाचे कण त्या काळच्या पृथ्वीच्या चुंबकीय दिशेप्रमाणे कायमचे बसून राहतात. त्या दिशेचा कल मोजला की तो खडक कोणत्या अक्षांशावर थंड झाला ते काढता येतं. दोघांनी सात महिने मोजमाप केलं, तेही फक्त सकाळी. कारण चारनंतर शेजारच्या वर्कशॉपची लोखंडी हातगाडी खोलीमागून जायची आणि ठिपका पिसाटल्यासारखा नाचायचा. दगड बदलले, यंत्र दहादा तपासलं, पण उत्तर बदलेना. हे कडे थंड झाले तेव्हा त्यांच्याखालची जमीन विषुववृत्ताच्या पलीकडे होती. म्हणजे तेव्हापासून ती हजारो मैल सरकली होती.

विभागप्रमुखांना हे मान्य होण्यासारखं नव्हतं. माणूस वाईट नव्हता, पण खंडं सरकतात हे ऐकलं की त्यांचं डोकं फिरायचं. अर्धं शतक आधी हवामानाच्या एका अभ्यासकाने ते मांडलं होतं. समुद्राच्या दोन्ही काठांचे आकार जुळतात, दोन्हीकडे एकाच प्राण्याचे अवशेष सापडतात, हे त्याने दाखवलं. पण एवढी खंडं ढकलली कुणी, या प्रश्नावर त्याला पटण्याजोगं उत्तर देता आलं नाही, आणि तेव्हापासून हा विषय थट्टेचा झाला होता. प्रमुखही वर्गात विचारत, जमीन म्हणजे काय होडी आहे?

त्यांनी काटेकोरला आपल्या खोलीत बोलावलं. टेबलावर त्याला नोकरीत कायम करायचा कागद होता, सहीविना. घरी दोन मुली, आजारी आई, आणि नऊ वर्षं तो या कागदाची वाट पाहत होता. कागदाबद्दल प्रमुख चकार शब्द बोलले नाहीत.

"त्या खोलीजवळ लोखंड येतं का?" त्यांनी विचारलं.

"येतं सर. वर्कशॉपची हातगाडी मागून जाते."

"म्हणजे मापं बिघडू शकतात."

"बिघडू शकतात," तो म्हणाला. गाडी चारनंतर येते आणि मापं सकाळी घेतली, हे वाक्य त्याच्या ओठांवर आलं होतं. ते त्याने गिळलं.

प्रमुखांनी ते लिहून मागितलं. त्याने लिहून दिलं. त्यातला शब्दन्‌शब्द खरा होता.

तिचं काम तपासणाऱ्या समितीसमोर तो खुलासा वाचला गेला तेव्हा बाईने वळून त्याच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, मापं सकाळची आहेत. समितीने त्याला विचारलं, सगळीच का? तो म्हणाला, आता नक्की आठवत नाही. नोंदवहीत प्रत्येक मापापुढे वेळ लिहिलेली होती, आणि वही त्याच्याच कपाटात होती. कुणी मागितली नाही. त्यानेही दिली नाही.

तिचं काम अविश्वसनीय ठरलं आणि शिष्यवृत्ती बंद झाली. तिने दगड खोक्यांत नीट भरले, प्रत्येकावर चिठ्ठी लावली आणि खोकी विभागातच ठेवून निघून गेली. महिन्याभरात त्याच्या कागदावर सही झाली. बायकोने आनंदाने शेजारी सांगितलं.

नऊ वर्षं गेली. जुने प्रमुख निवृत्त झाले, नवे आले. एका सकाळी त्यांनी सगळ्या विभागासमोर व्याख्यान दिलं. चित्रं दाखवायचं यंत्र काटेकोर चालवत होता. पडद्यावर समुद्राच्या तळाचा नकाशा आला. मधोमध पाण्याखालची लांबच लांब पर्वतरांग आणि तिच्या दोन्ही बाजूंना चुंबकत्वाचे पट्टे, डावीकडे जसे तसेच उजवीकडे. नव्या प्रमुखांनी समजावलं: या रांगेतून नवा तळ वर येतो, थंड होतो, दोन्हीकडे सरकतो. तळासोबत खंडंही सरकतात. आता यात वाद उरलेला नाही. आणि मग म्हणाले, खरं तर खडकांच्या चुंबकत्वावरून काहींनी हे आधीच ओळखलं होतं, पण त्यांचं ऐकलं गेलं नाही.

"पुढचं चित्र," ते म्हणाले. त्यांना ते तीनदा म्हणावं लागलं.

त्या दिवशी घरी येऊन त्याने बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अहो, मला कशाला सांगता? तिला सांगा."

बाई दोन तासांवरच्या गावी शाळेत गणित शिकवत होती. शिक्षकांच्या खोलीत, तपासायच्या वह्यांच्या ढिगामागे ती बसली होती. त्याने उभ्या उभ्याच सांगितलं, काही गाळलं नाही.

"यंत्र चांगलं होतं हे मला माहीत होतं, दादा," ती म्हणाली. "पण तुम्ही आठवत नाही म्हणालात, आणि माझीच मला शंका आली. वाटलं, मीच कुठे चुकले असेन. पाच-सहा वर्षं तसंच वाटत राहिलं."

रागावेल, निघा म्हणेल, याची त्याने तयारी केली होती. हे मात्र त्याच्या कधी मनातसुद्धा आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो नोंदवही घेऊन नव्या प्रमुखांकडे गेला. ते म्हणाले, मापं छापू या, जुन्या गोष्टी कशाला उकरायच्या? त्याने हट्ट धरला. शेवटी बाईच्या नावाने लेख निघाला, आणि त्याखाली चार ओळींत त्याची कबुली: वेळा मला ठाऊक होत्या, मी त्या सांगितल्या नाहीत. विभागात काही जण त्याच्याशी बोलेनासे झाले. जुन्या प्रमुखांनी निरोप पाठवला की आपण खोटं लिहायला सांगितलं नव्हतं. तेही खरंच होतं.

लेखाची प्रत त्याने बाईला पाठवली. उत्तरात एक कार्ड आलं. तक्त्यात दोन आकडे उलटसुलट छापले गेले होते, ते दुरुस्त करायला सांगितलं होतं. खाली विचारलं होतं, न मोजलेले दगड अजून आहेत का?

होते. शाळेच्या सुट्टीत ती आली आणि दोघांनी तीन आठवडे मोजमाप केलं. ती आकडा सांगायची, तो लिहायचा. दर पानाच्या शेवटी ती वही स्वतःकडे ओढून घ्यायची आणि प्रत्येक ओळ तपासायची. पूर्वी तिने असं कधी केलं नव्हतं. तो हात बाजूला घेऊन थांबायचा.