टॉवेलाखालचा सौदा

आमच्या मामेसासऱ्यांसारखा कुणाचंही न ऐकणारा माणूस सबंध नाशिक जिल्ह्यात झाला नाही, आणि यापुढे होईल असंही वाटत नाही. मामेसासरे म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा. सायखेड्याकडचे, आणि धंद्यानं बैलबाजारातले दलाल. ते एकदा दवाखान्यात 'वेडे झाले होते', अशी गोष्ट आमच्या नात्यागोत्यात अजून मिटक्या मारत सांगतात. सांगोत बापडे! मी तिथं होतो. मामा तेव्हा भानावर नव्हते हे कबूल, पण वेडे म्हणाल तर माझ्याशी गाठ आहे.

बैलाचा भाव चारचौघांत तोंडानं बोलायचा नसतो. दोघांचे हात टॉवेलाखाली जातात, बोटं दाबली जातात आणि भोवतीच्या गर्दीला पत्ता लागायच्या आत सौदा ठरतो. मामांनी ही रीत बाजारापुरती ठेवली नाही. खांद्यावरचा टॉवेल काढून ते कुठंही, कुणाशीही बोलणी सुरू करत. एकदा आमच्याकडे नाशिकला आले असताना मेथीच्या जुडीसाठी त्यांनी भाजीवालीच्या हातावर टॉवेल टाकला. बाईनं अशी बोंब ठोकली की मला मामांना दंडाला धरून बाजाराबाहेर काढावं लागलं. "तिला धंद्याची रीतच नाय," हे वर! मी मुलगी बघायला गेलो तेव्हाही, पोहे यायच्या आत माझा हात टॉवेलाखाली गेला होता. मामांनी बोटं चाचपली आणि भरल्या बैठकीत जाहीर केलं, "हात लय मऊ हाय. नांगराला नाय चालायचा, पोरीला चालंल." माझे वडील हे वाक्य शेवटपर्यंत विसरले नाहीत.

त्यांच्या दावणीला एक म्हातारा पांढरा बैल होता. कामाला तो कधीच येईनासा झाला होता. त्याला कुणी गिऱ्हाईक लागलं, की मामा भाव सांगतच नसत. टॉवेलाखाली समोरच्याची बोटं मिटवून मुठीवर हलकेच थोपटत. म्हणजे हा घरचा, विकायचा नाही. त्यानंतर कुणी काही विचारायचं नाही.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनानंतर त्यांना जाड भिंगांचा चष्मा लागला. तो ते झोपेतही काढत नसत. "डोळा उघडल्याबरोबर समोर कोण हाय ते कळाया पायजे," म्हणत. कानाच्या मशीनची डबी सदऱ्याच्या खिशात, तिची वायर कानात. गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं की मामा खिशात हात घालून डबी बंद करत आणि अगदी प्रेमळ चेहऱ्यानं मान डोलवत बसत. दातांची कवळी होती. तंबाखूचा बार गालात नाही असा क्षण नव्हता. आणि झोपायचं बाहेर, ओट्यावर. कडाक्याच्या थंडीत मामी आत बोलवून दमल्या. "बंद खोलीत मानसाला येळ कळत नाय," हे त्यांचं उत्तर.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. कैक वर्षं दडवून ठेवलेला हर्निया एकाएकी अडकला आणि आतडं काळं पडायला लागलं. नाशिकच्या एका खाजगी दवाखान्यात तातडीनं ऑपरेशन झालं, आतड्याचा तुकडा काढला आणि मामांना अतिदक्षता विभागात ठेवलं. नर्सनं आणून दिलेली प्लॅस्टिकची पिशवी मी हातात घेतली. चष्मा, कानाची डबी, कवळी, तंबाखूची पुडी, टॉवेल. आमचे मामा आत कमी आणि त्या पिशवीत जास्त होते.

पुढच्या दोन-तीन दिवसांत त्यांनी आत नुसता हैदोस घातला. सलाईन उपटली, पोटातली नळी ओढायला गेले, वॉर्डबॉयला लाथ घातली. शेवटी त्यांचे हात पलंगाला बांधले. नातेवाईक भेटून बाहेर आले ते पदर नाहीतर रुमाल तोंडाला लावूनच. मामींच्या भावांनी लगेच निदान केलं, बाहेरची बाधा आहे. पेठकडच्या एका भगताकडे न्यायचं ठरलंसुद्धा. जीप दवाखान्याच्या फाटकाशी उभी. फक्त मामींनी हो म्हणायचं बाकी होतं, आणि मामी रडून रडून हो म्हणायच्या बेतात आल्या होत्या.

मी तडक डॉक्टरीणबाईंना गाठलं. त्या स्पष्ट म्हणाल्या, "आत्ता हलवलंत तर टाके टिकणार नाहीत. ते घाटातच जातील. आणि हे वेड नाही हो. मोठ्या ऑपरेशननंतर म्हाताऱ्या माणसांना असा भ्रम होतो. वय झालंय, अंगात ताप आहे, चष्मा नाही, ऐकू येत नाही, रोजची तंबाखू एकदम तुटली, झोप नाही, खोलीला खिडकी नाही त्यामुळे दिवस की रात्र कळत नाही. त्यात हात बांधलेले. यातलं एखादंसुद्धा पुरतं, यांच्या वाट्याला सगळंच आलंय." बाई कारणं सांगत होत्या, पण वर्णन आमच्या मामांचं चाललं होतं!

मी आणि मामी त्यांच्याबरोबर आत गेलो. बाईंनी मामांच्या हातात आपली दोन बोटं दिली आणि मोठ्यांदा म्हणाल्या, "आजोबा, माझी बोटं दाबा." भान आहे की नाही ते पाहायची ही त्यांची रोजची पद्धत. मामांनी मूठ गच्च आवळून मागं घेतली आणि बोळक्या तोंडानं ओरडले, "भाव नाय सांगनार! काय करायचं ते करा!"

"रोज हेच," बाई म्हणाल्या.

आणि माझ्या टाळक्यात एकदम उजेड पडला. अहो, या माणसाचे दात काढून बघितले, डोळ्यांत बॅटरी मारली, पोट दाबलं, दोरीनं बांधलं, आणि आता बोटं दाबा म्हणताहेत! मामांच्या लेखी बाजार भरला होता आणि विकायला तेच उभे होते. स्वतःचा भाव सांगायला त्यांनी साफ नकार दिला होता. भ्रमातसुद्धा गडी कुणाला बधला नव्हता!

मी पिशवी उघडून त्यांना चष्मा चढवला, कानात मशीन घातली. बाई हो-ना करत होत्या, पण अडवलं नाही. मामींना मात्र काही सांगावं लागलं नाही. त्यांनी स्वतःच टॉवेल काढून नवऱ्याच्या बांधलेल्या हातावर टाकला, खाली हात घातला, त्यांची बोटं एकेक करून मिटवली आणि मुठीवर थोपटलं. थोपटतच राहिल्या. मामा चष्म्यातून बायकोकडे बघत होते. बऱ्याच वेळानं पुटपुटले, "सांग त्यान्ला."

मामी बाहेर गेल्या आणि भावांना म्हणाल्या, "माझा मानूस कुठं जायाचा नाय. जीप घेऊन जा." सबंध आयुष्यात त्यांना एवढ्या मोठ्यानं बोललेलं मी ऐकलं नव्हतं.

बाईंनी हात सोडायला लावले, पलंग खिडकी असलेल्या खोलीत हलवला, मामींना उशाशी बसू दिलं. भ्रम काही एका दिवसात गेला नाही. पण मामा झोपू लागले, आणि एका सकाळी त्यांनी बाईंची बोटं इतकी दाबली की बाई ओरडल्या. घरी जाताना टाके कमी घातले म्हणून बिल कमी करा, अशी बोलणीही टॉवेलाखाली झाली. ती मात्र फिसकटली.

त्यानंतर मामा दहाएक वर्षं मजेत जगले, आणि बैलबाजार कुणी कितीही नको म्हणालं तरी सोडला नाही. शेवटचं दुखणं आलं तेव्हा त्यांनी दवाखान्याचं नाव काढू दिलं नाही. ओट्यावर खाट टाकून घेतली, चष्मा चढवला आणि बसले. मी भेटायला गेलो. इकडचं तिकडचं बोललो, तर त्यांनी खिशात हात घालून डबी बंद केली. मला वाईट वाटलं, हो, का खोटं बोलू? मी उठायला लागलो, तेवढ्यात त्यांनी टॉवेल पुढं केला. मी हात घातला. वाटलं, आता हा म्हातारा जाता जाता माझा भाव करणार.

त्यांनी माझी बोटं एकेक करून मिटवली आणि मुठीवर थोपटलं.

तो हात कितीतरी वेळ मला उघडवेना.