शुभाताईनं मला शिकवलं नाही

ताई गेली त्या दिवशीच्या पोस्टमध्ये मी चुकीचं लिहिलं.
"तिनं आम्हा सगळ्यांना चित्र काढून सांगायला शिकवलं," असं.

सगळ्यांना शिकवलं. मला नाही.

त्या पोस्टखाली तुम्ही भरभरून लिहिलंत. प्रत्येकाकडे तिनं काढून दिलेलं काहीतरी आहे. मी वाचत गेले आणि जळत गेले.

शुभाताई माझी चुलत बहीण. गांधीबागेच्या बाजारात आमचं साड्यांचं होलसेल दुकान. शाळेत जायच्या आधी आम्ही दोघी तिथेच अक्षरं शिकलो, गठ्ठ्यांवरची गावांची नावं वाचून. काका शिकवायचे. माझं अक्षर सुंदर, तिचं गिचमिड.

मोठेपणी दुकानात पार्सलं चुकायला लागली. वर्ध्याचा माल यवतमाळला.
मी काकांना लांबलचक नोट टाइप करून दिली. त्यांनी घडी घालून खिशात ठेवली.

ताईनं साडीच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला. मार्करनं चौकोन काढले. इथं माल येतो, इथं बांधतो, इथून टेम्पो. माणसं म्हणजे नुसत्या काड्या.
आणि दुकानाचं दार चक्क चुकीच्या बाजूला.

मला राहवलं नाही. म्हटलं, ताई, दार डावीकडे आहे.
तिनं डोळ्यांनीच मला दटावलं.

दुसऱ्या दिवशी नवा पुठ्ठा. दार पुन्हा चुकलेलं.
या वेळी काका बोलले. "दार इकडे हाये वं, येडे." आणि मार्कर ओढून घेतला.
दार काढता काढता त्यांच्याच लक्षात आलं की दोन्ही गावांचे गठ्ठे त्या दारापाशी एकमेकांत मिसळून राहिले. वेगळ्या रांगा त्यांनीच आखल्या.
ताई चहा पीत बसली होती.

पार्सलं चुकायची थांबली. काका अजूनही सांगतात, आयडिया त्यांची.

दिवाळीनंतर ती धंतोलीच्या हॉस्पिटलात ॲडमिट होती, तेव्हा मी विचारलंच. मला का नाही शिकवलंस?

"तुले काहून शिकवू वं? तू पट्टी घेऊन बसते. तुझं चित्र एवढं बरोबर असते, का समोरच्याले बोलायले जागाच राहत नाही."

आजारी माणसाचा राग येतो का? मला आला.
अजून गेलेला नाही.

ती आजारी पडल्यापासून पार्सलं पुन्हा चुकताहेत. आता ऑर्डर फोनवर येतात, रांगा पुरत नाहीत. ताईच्या जागी काका बाहेरचा मॅनेजर ठेवायचं म्हणताहेत.

ती जागा मला हवी आहे.

दुकानाचं चित्र काढलंय. आधीची सगळी पट्टीनं काढली आणि फाडली. हे वाकडं आहे. बघवत नाही, पण तसंच ठेवलंय.

लोक म्हणतील, तेरवी तरी होऊ द्यायची. होऊ देते आहे.

ताई, मला तुझा फार हेवा वाटायचा. आजही वाटतो.
नीट जा.

शनिवारी तेरवी. काकांकडे तुझं काम मी रविवारी सकाळी मागणार आहे.