डबा कमिटी आणि वजनाचा दिवस

पोरांचं खाणं सुधारायला म्हणून शाळेच्या कमिटीत शिरलं, की किस्से साठत जातात. वजन घटो न घटो! मुलांमधला लठ्ठपणा कमी करा, असं परिपत्रक आलं आणि आमच्या परळच्या शाळेने पालकांची 'डबा कमिटी' केली. मी हात वर केला तो काही समाजसेवेसाठी नाही. पीटीच्या परब सरांनी तिसरीतल्या माझ्या ईराचं वजन भर वर्गात मोठ्याने सांगितलं होतं. तेव्हापासून तिचा डबा भरलेलाच परत यायचा. मला ते सांगणं बंद करायचं होतं. बाकी आहारशास्त्र मला येतं ते मोबाईलवर घाबरून वाचलेलं.

*

पहिलं काम साखरेचा फलक. कुठल्या पेयात किती साखर, ती खरोखरची पिशव्यांत भरून टांगली. सोमवारी बघते तर मुंग्यांची रांग! मला रडूच फुटायचं बाकी होतं.

विज्ञानाच्या बाई मात्र खूष. "बघा मुलांनो, आधी कोल्ड्रिंकचीच पिशवी फोडली!"

*

मग फाटकासमोरची वडापावची गाडी पन्नास मीटर लांब न्यायची ठरली. टेप धरायला मीच. गाडीवाले तात्या निमूट हलले. पंधरा दिवसांनी मला अपराधी वाटायला लागलं.

"तात्या, धंदा बसला का हो?"

"छे हो ताई! तुम्ही नेऊन ठेवलंत ते बरोबर आया थांबतात तिथे. पोरं अर्धा खायची, आया दोन-दोन खातात!"

मी एकच खाते.

*

वाढदिवसाला गोड, तळकट, पाकिटातलं काही वाटायचं नाही, हाही आमचाच नियम. लालबागच्या नाईक आजी नातवाच्या वाढदिवसाला भाजलेले सुके बोंबील घेऊन आल्या. न खाणाऱ्यांसाठी केळी वेगळी!

"साखर नाय, तेल नाय, पाकीट नाय. आता काय म्हणणां हा तुमचां?"

कमिटी तातडीने बसली. आमचा निर्णय होईपर्यंत डबा रिकामा. मुख्याध्यापिका बाईंच्या टेबलावरचे दोन बोंबीलसुद्धा!

*

वजनाचं मात्र प्रत्येक मीटिंगला "पुढच्या वेळी बघू" व्हायचं. शेवटी तो दिवस पुन्हा उजाडला. ईरा सकाळपासून "पोट दुखतंय" म्हणत होती. मी आकडे लिहून घ्यायला म्हणून वर्गात गेले.

पहिला मुलगा काट्यावर चढला. सरांनी घसा साफ केला.

"सर, मला कानात सांगा," मी म्हटलं.

"अहो मॅडम, त्यात लपवायचंय काय? वजनच तर आहे!"

"मग सर, आधी तुम्ही चढा ना." रांगेतून ईरा बोलली.

सरांचा हात शर्टाच्या ताणलेल्या बटणांवर गेला.

"आम्ही नाही बघणार," असं म्हणून ईरा भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. तिच्यामागे दुसरी, तिसरा, करता करता सगळा वर्ग पाठमोरा.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. बूट काढले. काट्यावर चढले. आणि वाकून माझ्या कानात आकडा सांगितला.