मने, तिला इचार

दुपारी दोनची वेळ. पत्रा तापला आहे, गल्लीतली कुत्रीसुद्धा सावली धरून पडली आहेत. हौसाबाई सोप्यात वाकळ टाकून आडवी होते. अजून डोळा लागलेला नाही. मनी याचीच वाट बघत असते. माणूस उभं असेपर्यंत हिला माणसाची ओळख नसते, आडवं झालं की लगेच माया येते. ती येते, हौसाबाईच्या पोटावर पुढच्या दोन पायांनी कणीक तिंबल्यासारखं तिंबते, स्वतःभोवती तीन फेऱ्या घालते आणि एवढा खटाटोप करून पहिल्याच जागी बसते. मग तिची घुरघुर सुरू होते.

घुरघुर पोटातून छातीत चढते, छातीतून कानात. हौसाबाईला कळेनासं होतं, हा आवाज मांजराचा की गिरणीचा? घरची पिठाची गिरणी तर बंद आहे. नवरा आनंदा गेला त्या दिवशी जात्याचा पट्टा उतरवला, तो उतरवलाच. अकरा महिने झाले. पुढच्या महिन्यात वर्षश्राद्ध.

आवाज वाढतो. वाकळीखालची जमीन थरथरायला लागते.

हौसाबाई गिरणीत उभी आहे. डोक्यावर जोंधळ्याचा डबा आहे. पट्टा फिरतो आहे, जातं फिरतं आहे, पण खडखडाट नाही, नुसती घुरघुर. डब्यांची रांग दारापर्यंत लागली आहे आणि एकाही डब्याजवळ माणूस नाही. आनंदा आपल्या स्टुलावर बसला आहे. भुवयांवर पीठ, कानाच्या पाळ्यांवर पीठ. तो हौसाबाईकडे बघत नाही. जात्यापाशी बसलेल्या मनीकडे बघून म्हणतो, "मने, कोण आलंय बघ. काय दळायचं, तिला इचार."

मेलेला नवरा समोर बसला आहे, याचं हौसाबाईला नवल वाटत नाही. नवल वाटतं ते याचं, की अकरा महिन्यांत मनीला असं कुणी बोललेलंच नाही.

आता हे काय गौडबंगाल, ते सांगितलं पाहिजे. हौसा लग्न होऊन या घरात आली तेव्हा घरात सासू, सासरा आणि सासऱ्याची विधवा बहीण. थोरांच्या देखत नवऱ्यानं बायकोशी बोलणं म्हणजे निर्लज्जपणा. आठ दिवस आनंदाला तहान लागली तरी पाणी मागता येईना. नवव्या दिवशी त्यानं चुलीपुढं बसलेल्या मांजराला सांगितलं, "मने, पाणी मिळंल का?" हौसानं तांब्या भरला आणि मनीपुढं ठेवला. थोरांना बोलायला जागा राहिली नाही. मांजराशी कुणीही बोलावं.

पुढं सासू गेली, सासरा गेला, आत्याबाई गेल्या. सवय राहिली. ती पहिली मनीही गेली, मग तिची लेक, मग नात. मधे एक बोका झाला, त्यालाही मनीच म्हणायचे आणि तोही निमूट ओ द्यायचा.

"मने, कालवणात मीठ न्हाय."

"मने, त्यांना सांग, मीठ डब्यात हाय. हात मोडल्यात का म्हणावं."

भांडण असंच आणि लाडही असेच. भांडण रंगात आलं की मनी एकदा याच्याकडे बघायची, एकदा तिच्याकडे बघायची आणि ऐन मोक्याला मागचा पाय झेंड्याच्या काठीसारखा वर करून चाटायला लागायची. दोघांनाही हसू फुटायचं. शेजारची इठाबाई म्हणायची, "हौसे, तुमास्नी दोन पोरं झाली, ती तरी थेट झाली का तीबी मांजराला सांगून?"

गिरणीतली मनी आत्ता अर्धी काळी आहे, अर्धी पांढरी. ही रंगानं काळीच. पण दिवसभर पिठात लोळून पांढरी व्हायची आणि सांजच्याला अंग चाटून चाटून पुन्हा काळी. निम्म्या गावाला वाटायचं, आनंदाच्या घरी दोन मांजरं आहेत.

हौसाबाई डबा खाली उतरवते. "मने," ती म्हणते, "त्यांना सांग, मी गिऱ्हाईक न्हवं."

"मने, मग डबा कशाला आणलाय म्हणावं?"

"मने, इचार त्यांना, तिकडं बरं हाय का."

"सांग तिला, बरं हाय. गुडघा दुखत न्हाय. जिना हाय, पर चढाय लागत न्हाय."

"आन् मांजरं हायत का, इचार."

आनंदा खुलतो. "हायत की. आधीच्या समद्या मन्या हायत. एकाच सुपात झोपत्यात, पर एकमेकीचं तोंड बघत न्हाईत. तो बोका अजून तसाच हाय. दूध दिलं की आधी वास घेतो, मग पंजा झटकतो, जणू कुणी इख घातलंय. आन् पाठ फिरवली की वाटी चाटून सपा."

मनी ऐकत असते. एक कान आनंदाकडे, एक कान हौसाबाईकडे. मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात, पण या मनीनं सगळा संसार उघड्या डोळ्यांनी पाहिलेला.

हौसाबाई पीठ बघायला डब्यात हात घालते. हाताला पीठ लागत नाही, कापड लागतं. ती ओढते तसं ते येत राहतं, पांढरं, फिनेलच्या वासाचं. चादर आहे. जात्याखालच्या पिशवीची नळी बारीक होत होत सलाईनची नळी झाली आहे. डब्यांच्या रांगेच्या जागी खाटांची रांग आहे आणि एकाही खाटेवर माणूस नाही. फक्त शेवटच्या खाटेवर आनंदा.

हा दवाखाना हौसाबाईला पाठ आहे. इथंच आनंदा चार दिवस होता. इथं मनी नव्हती.

चार दिवस तो तोंड उघडायचा, खाटेखाली बघायचा आणि तोंड मिटायचा. हौसाबाईला वाटायचं, भांडं हवं असेल. ती भांडं पुढं करायची. तो मान हलवायचा. मग वाटलं, रागावलेत. तिलाही काही विचारायचं सुचेना. एवढा जन्म मांजराच्या तोंडून बोललेली बाई, ऐन वेळी स्वतःचं तोंड कुठून आणणार? तिसऱ्या दिवशी तिनं नर्सला हळूच विचारलं होतं, "बाई, मांजर आणलं तर चालंल का वो?" नर्स हसली. तिला वाटलं, म्हातारीचं डोकं फिरलं. चौथ्या दिवशी उजाडताना आनंदानं पुन्हा तोंड उघडलं, खाटेखाली बघितलं आणि ते उघडंच राहिलं.

त्याला काय सांगायचं होतं? अकरा महिने हौसाबाई भाकरी थापताना, भांडी घासताना हेच चाळत बसते. लेकाला सांगायचं राहिलं असेल? माझं काही चुकलं असेल? कुणाजवळ ती हे बोललेली नाही. काय म्हणून सांगणार? की मांजर नव्हतं म्हणून आमचं बोलणं राहिलं?

आत्ता मात्र मनी आहे. खाटेवर पायथ्याशी बसली आहे. हौसाबाईला घाई होते. "मने," ती म्हणते, "इचार त्यांना. तवा काय..."

मनी उठते. पाठीची कमान करते, जांभई देते, दात दाखवते. खाटेवरून उतरते आणि वॉर्डच्या दाराशी जाऊन दार ओरबाडायला लागते.

"आत्ताच गं?" हौसाबाई कळवळून म्हणते. पण दार उघडते. उघडावंच लागतं, नाहीतर ती थांबत नाही. आणि त्यात काय मोठंसं, दार उघडलं की मनी कधी जातच नाही. बाहेर जायचं म्हणून घर डोक्यावर घेते आणि दार उघडलं की उंबऱ्यावर बसते. आत नाही, बाहेर नाही. वर तोंड करून बघते, जणू दार उघडायला सांगितलं कुणी?

आज मनी उंबऱ्यावर बसत नाही. शेपटी ताठ उभी करून चालू लागते. लांबलचक वऱ्हांडा आहे, त्याच्या टोकाला ऊन आहे. ती उन्हात शिरते आणि मागं वळून बघत नाही.

खोलीत दोघंच उरतात.

आनंदा तोंड उघडतो. खाटेखाली बघतो. मग दाराकडे बघतो.

"गेली," तो म्हणतो.

कुणाला म्हणाला? खोलीत दुसरं कुणी नाही.

"व्हय," हौसाबाई म्हणते. "गेली."

सोळा वर्षांची पोरगी आणि वीस वर्षांचा पोरगा पहिल्यांदा एका खोलीत बसावीत, तशी दोघं बसतात. आनंदा चादरीचं टोक चुरगाळतो.

"आता गं?"

"आता काय," हौसाबाई म्हणते, "आता तुमीच बोला."

"काय बोलू?"

"तवा काय सांगायचं हुतं? चार दीस?"

आनंदा मान हलवतो. "सांगायचं न्हवतं काय. इचारायचं हुतं."

"काय इचारायचं हुतं?"

नळीतून थेंब पडतो, तो खाली न येता वर जातो. दोघंही त्याच्याकडे बघतात.

"तू त्या बाकड्यावर बसलेली असायचीस," आनंदा म्हणतो. "सकाळी बघावं तर तिथंच. सांजच्याला बघावं तरी तिथंच. पदर तोंडाला लावून. तू जेवलीस का, एवढं इचारायचं हुतं."

हौसाबाईला हे कधी सुचलंच नव्हतं. अकरा महिन्यांत तिनं शंभर गोष्टी मनात आणल्या होत्या. जमीन, लेक, गिरणी, जुना राग. ही नव्हती.

"न्हाय जेवले," ती म्हणते. "चा पीत हुते."

"वाटलंच मला."

"वाटलं तर इचारायचं की!" तिचा आवाज चढतो. "चार दीस मी तिथं भांडं घेऊन नाचत हुते!"

"कुणाच्या तोंडानं इचारू? मनी कुठं हुती?"

"तुमच्या तोंडानं! देवानं कशाला दिलं हुतं तुमास्नी तोंड? नुसतं जर्दा खायाला?"

आनंदा हसतो. तेच जुनं, खांदे हलवणारं हसू. हौसाबाईलाही हसू येतं, हसता हसता डोळे भरून येतात आणि ती खाटेच्या कडेवर बसते. खाट हलते. खाट नाही, बैलगाडी आहे. बैल नाहीत, पण गाडी चालली आहे. सलाईनची बाटली लटकत होती, तिथं चिंचेची फांदी आहे. दोन्ही बाजूंना मोकळा माळ. आनंदाचं तोंड आता तिच्याकडे आहे, सरळ.

तो मांडीवर धडप्याची गाठ सोडतो. त्यात भाकरी आहे आणि भाकरीवर लाल मिरचीचा ठेचा.

"तिखट?" हौसाबाई दचकते. "डॉक्टरनी तुमास्नी तिखट बंद केलंय. तीन वरसं झाली, लाल मिरची घरात आणली न्हाय मी."

"आता कुठला डॉक्टर?" आनंदा म्हणतो. "आन् मला न्हवं. तुला."

तो घास मोडतो. ठेच्यात बुडवतो. हात पुढं करून थांबतो.

"हौसा," तो म्हणतो.

नाव त्याच्या तोंडात नव्या वहाणेसारखं चावतं. लग्नात एकदा घेतलं होतं, तेही बायकांनी वाट अडवून धरली म्हणून. तेव्हा असाच घास भरवला होता. त्यानंतर नाव नाही आणि घासही नाही.

"परत म्हणा."

"हौसा. आ कर."

ती आ करते. घास कोरडा आहे, जाड आहे, आणि ठेचा जिभेवर पडताच झिणझिण्या डोक्यापर्यंत जातात. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागतं. हे पाणी कशाचं, ते तिलाही सांगता येणार नाही.

"आजून एक," ती म्हणते.

आनंदा दुसरा घास मोडायला घेतो. तेवढ्यात ओरबाडण्याचा आवाज येतो. खर्र, खर्र. माळावर भिंत नाही, छप्पर नाही, नुसतं एक दार उभं आहे. त्यांच्याच घराचं. दारापलीकडून आवाज येतो आहे.

"आली बघ," आनंदा म्हणतो.

"येऊ द्या."

"दार उघड की."

"न्हाय उघडत." हौसाबाई गाडीच्या साटीला घट्ट धरते. "बसू द्या भाईर. जलमभर आपल्या मधी बसली. आता घटकाभर भाईर बसली म्हणून काय मरत न्हाय."

खर्र, खर्र, खर्र.

"हौसा," आनंदा म्हणतो. आता नाव चावत नाही. "मुकं जनावर हाय. तिला दारात ताटकळत ठेवू नये. माझ्यामागं तिला तुझ्याबिगर कोण हाय?"

"आन् मला?"

मोडलेला घास आनंदाच्या हातात तसाच आहे. तो तिच्याकडे बघत राहतो, खाटेखाली नाही, दाराकडे नाही. हौसाबाई त्याचा चेहरा डोळे भरून बघून घेते. भुवयांतलं पीठ, नाकावरचा व्रण, वरचा तुटका दात. मग गाडीतून उतरते. माळ ओलांडते. कडी थंड आहे. मागं बघावं की न बघावं, एवढा विचार करते आणि न बघता कडी काढते.

सोप्यात ऊन उंबऱ्यापर्यंत आलं आहे. मनी वाकळीची कड नखांनी ओढते आहे, खर्र, खर्र. गल्लीतून इठाबाईचा आवाज येतो, कुणाला तरी शिव्या घालते आहे. पत्रा तडतडतो.

हौसाबाई हलत नाही. तोंडात जाळ झाला आहे. जीभ, टाळू, ओठ. मनी वाकळ सोडून छातीवर चढते, तोंडाशी नाक आणून हुंगते. तिच्या मिशा आखडतात. ती जोरात शिंकते, पुन्हा शिंकते, दोन हात लांब जाऊन बसते आणि तिथून हौसाबाईकडे रागानं बघत पंज्यानं नाक पुसायला लागते.

हौसाबाई ओठाच्या कडेला बोट लावते. बोटाला काहीतरी चिकटतं. ती उठून बसते, हात उन्हात धरते. मिरचीची एक बी आहे. पिवळी, चपटी, आणि तिला सालीचा एक लाल कण.

पाण्याचा भरलेला तांब्या उशाशीच आहे. ओठ भाजत आहेत. हौसाबाई तांब्या उचलते आणि वाकळीपासून लांब, हात पोचणार नाही असा, भिंतीकडेला सरकवून ठेवते.