दामिनीचा डोंगर आणि नागपूरचा शेंदूर

नागपूर-हैदराबाद हायवेवरच्या आमच्या इचोड्यात बोलवा उठली होती की, चंपतरावांच्या दामिनीनं जपानात एका म्हाताऱ्याशी लग्न केलं आणि त्याला बर्फात टाकून ती पळून आली. कोणी तर म्हाताऱ्याची दाढीसुद्धा वर्णन करून सांगायचं. खरी गोष्ट अशी की तो म्हातारा दामिनी तिथं जायच्या आधीच वारला होता, आणि तिचा जीव जडला होता तो त्याच्या विधवेवर, योशिको आजीवर. आमच्या दोन घरांत भिंत एकच आहे आणि माझे कान चांगले आहेत, तेव्हा यावर वाद नको.

पोरगी नर्सिंग शिकली, हैदराबादला जपानी शिकली आणि तिकडच्या एका वृद्धाश्रमात कामाला लागली. सुट्टीला बाकीच्या पोरी बाजारात जायच्या, ही डोंगरावर. तिच्या आईला, मनकर्णाला, हे काही केल्या पटेना. "वर देव नाय, जत्रा नाय, मंग चढतेस काऊन?" असं ती फोनवर विचारायची. पुढं चंपतरावांना अर्धांगाचा झटका आला, दामिनी परत आली आणि हायवेवरच्या भाजीच्या दुकानात बसली.

डोंगर मात्र सुटला नाही. जपानात चढायला जाणाऱ्या मराठी लोकांचा फोनवर एक गट होता, त्यात ही सगळ्यांना उत्तरं द्यायची. कोणत्या वाटेवर जूनपर्यंत बर्फ असतो, अस्वलासाठी पिशवीला घंटी कशी बांधायची, मुक्कामाच्या घरी आधी कळवल्याशिवाय का जायचं नाही. एकदा एका ट्रकवाल्यानं विचारलं, "भेंडी कैसी दी?" हिचं डोकं फोनात. म्हणाली, "अभी मत जाओ, ऊपर बर्फ है." तो बिचारा भेंडी न घेताच नागपूरकडे निघून गेला. मी आठवडाभर तिला 'बर्फवाली' म्हणत होते.

योशिको आजीचं घर दामिनी चढायची त्या डोंगराच्या खांद्यावर होतं, तिथंच दोघींची ओळख झालेली. चढणाऱ्यातलं कोणी ओळखीनं आलं तर ती चुलीपाशी जागा द्यायची, सूप द्यायची. दर रविवारी तिचा व्हिडिओ कॉल यायचा. दामिनी तिला वांगी दाखवायची, ती हिला ढग दाखवायची. मी मधे तोंड घालून हातातल्या बांगड्या दाखवायचे. पुढच्या उन्हाळ्यात दामिनी तिच्याकडे महिनाभर राहायला जाणार, हे ठरलं होतं. मनकर्णानं तर सांडग्या-पापडाची तयारीही काढली होती.

त्या गटातली एक तेजस्विनी, नागपूरची. दिवसातून दहा वेळा "दामिनीताई, दामिनीताई". हैदराबादला जाताना एकदा इथं उतरली. ज्वारीची भाकरी, ठेचा, माझ्या घरचं दही, सगळं बोटं चाटून खाल्लं. जेवता जेवता दामिनीनं तिला आजीचं घर सांगितलं.

"पण गटावर टाकू नोको बरं. हाटेल नाय ते, म्हातारीचं घर हाय. माह्या नावानं जा, एकटी जा. अन् दारापाशी एक गोटा हाय, त्याले हात लावू नोको. तिचा नवरा बर्फात गेला, त्याच्या नावाचा हाय तो. रोज पाणी घालते ती त्याच्यावर."

तेजस्विनीनं गळ्याला हात लावला. "शप्पथ, ताई!" मी साक्षीदार. ताक वाढत होते.

उन्हाळा लागला आणि दामिनी निघायच्या आधीच गटावर व्हिडिओ आला. तेजस्विनी एकटी गेली नव्हती, अख्खं पथक घेऊन गेली होती. वर लिहिलं होतं, आम्ही शोधलेलं गुपित ठिकाण. दामिनीचं नाव कुठंच नव्हतं. म्हातारी दारात वाकून वाकून सगळ्यांना आत घेत होती. आणि दारापाशी रोज पाणी घातलेला ओला गोटा दिसल्यावर आपल्या माणसांनी जे करायचं तेच केलं. डबीतून शेंदूर काढला, तेलात कालवला, गोट्याला चोपडला, वर नारळ फोडला. खोटं कशाला बोलू, मला कोणी सांगितलं नसतं तर मीही हात जोडले असते. पण तेजस्विनीला सांगितलं होतं. ती मागं उभी राहून हसत शूटिंग करत होती.

रविवारी आजीचा कॉल आला. तिनं कॅमेरा गोट्याकडे वळवला. घासून घासून लाल रंग नुसता पसरला होता. ती हळू आवाजात बोलली आणि वाकली. फोन बंद झाला तशी मी विचारलं, "काय म्हणे वं?"

दामिनी म्हणाली, "म्हणे, त्या पोरीनं तुहं नाव सांगितलं, तुही माणसं म्हणून दार उघडलं. आता तू बी येऊ नोको."

पुढच्या रविवारी फोन तराजूला टेकवून ती बसून राहिली. कॉल आला नाही. हिनं लावला, तो उचलला नाही. मनकर्णानं पापडाचं पीठ डब्यात भरून ठेवलं.

गटावर दामिनीनं एवढंच लिहिलं, 'त्या घरी कोणी जाऊ नये, तिथं माणसाला त्रास झाला आहे.' तर ज्यांना हिनं अस्वलापासून वाचायला शिकवलं तेच हिच्यावर धावून आले. ताई जळतात, म्हणे. डोंगर काय कोणाच्या सातबाऱ्यावर असतो का, म्हणे. त्या वाक्याला तेजस्विनीनं अंगठा दिला होता. दामिनीनं तो अंगठा मला दाखवला आणि मेथीची जुडी सोडायला घेतली. मला एक टोमणा सुचत होता, पण तिचं तोंड पाहून गिळला. माझ्यासारखीला हे किती जड गेलं असेल ते माझं मलाच माहीत.

परवा तेजस्विनीचा फोन आला. दामिनीचे हात कोथिंबिरीच्या पाण्यात होते, म्हणून स्पीकर मीच लावला.

"ताई, अजून रागावलात? अहो, श्रद्धेनंच लावला ना शेंदूर. आणि माहिती काय, सगळ्यांची असते. तुम्हीच तर गटावर सगळ्यांना सगळं सांगायच्या. मग मी सांगितलं तर माझंच काय चुकलं?"

दामिनीनं जुडी झटकली.

"माहिती तुले देल्ली होती, तेजस्विनी. म्हातारी नव्हती देल्ली."