निरोगी गटातली आतेबहीण

“पाव्हणं जाईस्तवर रगताचं नाव काढू नगंस. मूळव्याध हाय ती, ताक पी गुमान,” आत्या आतेबहिणीला दबक्या आवाजात बजावत होती, आणि मी चहाचा ट्रे न्यायला येऊन वडूजच्या त्या स्वयंपाकघराच्या दारातच थबकले. ताकातल्या हिंगाचा वास आला की अजूनही मला तीच दुपार आठवते. बाहेर आतेबहिणीला बघायला आलेली मंडळी पोहे खात होती. मी तेव्हा सांगलीत आतड्यांच्या दाहाच्या आजारावर प्रकल्प करत होते. रुग्णांची आणि निरोगी माणसांची जनुकीय माहिती संगणकावर ताडून फरक शोधायचे, हे माझं काम. निरोगी माणसं मिळेनात, म्हणून मी हिलाच रक्त द्यायला नेलं होतं. पोटाचा काही त्रास आहे का, असं तिथे विचारल्यावर तिच्याआधी आत्याच म्हणाली होती, “आमच्यात कुणालाबी कायबी न्हाई.” आणि आता आतेबहीण रडवेली होऊन सांगत होती, “आई, दिवाळीपासनं चाललंय गं, ताकानं थांबत न्हाई.” असं रक्त जाणं हे माझ्याच प्रकल्पातल्या आजाराचंही लक्षण, आणि हिला मी निरोगी गटात धरलं होतं. साडी घट्ट बसावी म्हणून तिच्या कमरेला इतक्या पिना का लावाव्या लागल्या, ते मला तेव्हा कळलं; ती पार वाळली होती. आत्यानं वळून मला पाहिलं आणि कसनुसं हसली, “ऐकलंस व्हय? तुज्या त्या कम्प्युटरला सांगू नगंस हां.” मोठ्यांसमोर माझा आवाज कधीच फुटत नसे. पण बाहेर ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं मी म्हणाले, “आत्या, मूळव्याध आहे का ते डॉक्टर सांगतील, उद्या मी हिला सांगलीला दवाखान्यात नेणार.”