नाक्यासाठी उरकलेलं वर्ष

माझ्या बायकोचं वर्ष तिच्या तिथीच्या दोन महिने आधी संपलं. ते मीच संपवलं, आणि एका रस्त्यासाठी संपवलं.

कर्जतहून कशेळ्याला जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात माझं घर आहे. मी तालुक्याच्या वाचनालयात ग्रंथपाल होतो. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. आम्हाला कुठेही जायचं तर नाका ओलांडावा लागतो. नेरळकडचा, खोपोलीकडचा, स्टेशनाकडचा आणि आमचा असे चार रस्ते तिथे एकमेकांत घुसतात. शनिवार उजाडला की मुंबईच्या गाड्या फार्महाऊसकडे निघतात. त्यांच्यात खडीचे डंपर, टेंपो आणि कशेळ्याच्या जीपा अडकतात, मग कुणीच हलत नाही. बायको म्हणायची, "हे येतात हवा खायला, आणि आपल्यासाठी ठेवून जातात धूर."

मार्गशीर्षातल्या एका शनिवारी सकाळी वालाच्या शेंगा सोलताना तिच्या छातीत दुखू लागलं. गावातल्या डॉक्टरांनी पनवेलला न्यायला सांगितलं. आमच्याच गावातला एक जण रुग्णवाहिका चालवतो. कोकणी मुसलमानांचं घर. वडील किराणा दुकान चालवायचे. तो लगेच आला. नाक्याच्या अलीकडे आम्ही थांबलो ते थांबलोच. भोंगा वाजत होता. शेवटी तो खाली उतरून पुढच्या गाड्यांच्या बॉनेटवर थापा मारू लागला.

"अहो, हा कुठे गेला?" बायकोने विचारलं.

"गाड्या बाजूला काढतोय."

"बाजूला कुठे जाणार बिचारे? बाजूच नाही."

त्यानंतर ती बोलली नाही. पनवेलच्या डॉक्टरांनी फक्त तपासायचं तेवढं तपासलं.

दहावं, बारावं, तेरावं झालं आणि वर्ष सुरू झालं. मी फार कर्मकांडातला माणूस नाही. पण या वर्षाची रीत मला पटली होती. ती दुःख करायला सांगत नाही, फक्त काही गोष्टी करू नका म्हणते. लग्नाला जाऊ नका, गोडधोड करू नका, दारात दिवे लावू नका. कुणी आग्रह केला तर "वर्ष आहे" एवढं सांगायचं. ते ऐकून माणूस मागे सरतो, पुढचं विचारत नाही. मला त्या दोन शब्दांचा फार आधार होता. दर महिन्याला त्या तिथीला गुरुजी यायचे, मासिक श्राद्ध व्हायचं आणि एक महिना कमी व्हायचा. तिची चप्पल दाराशी होती. ती उचल असं कुणी म्हणत नव्हतं.

नवरात्र संपताना दोन माणसं घरी आली. एक माजी नगरसेवक. हा लहानपणी वाचनालयात यायचा आणि रहस्यकथांची शेवटची पानं आधी वाचायचा. दुसरा त्याच्या विरुद्ध गटाचा पुढारी. दोघे एकाच सोफ्यावर बसले, मध्ये एक माणूस मावेल एवढी जागा ठेवून.

"काका, नाक्याला निधी मंजूर झाला," नगरसेवक म्हणाला. "रुंदीकरण, डावीकडे वळायला वेगळा पट्टा, मध्ये बेट, गटार, सगळं. कार्यादेशसुद्धा निघालाय."

"चांगलं झालं," मी म्हटलं.

"आम्ही पाठपुरावा केला म्हणून झालं," दुसरा म्हणाला.

"हे बघा, हे असं आहे काका," नगरसेवक म्हणाला. "दोघं एका गाडीतून आलो, त्यावरून काय ते समजा."

"गाडी माझी हाय," दुसरा म्हणाला. "ह्याने फक्त बसायचे कष्ट घेतले."

मग त्यांनी मुद्दा सांगितला. भूमिपूजनाचा नारळ कुणी फोडायचा यावर दोन्ही गट अडून बसले होते. एकाने फोडला तर दुसरा काम अडवणार, हे नक्की होतं. दिवाळीनंतर निवडणुकीची आचारसंहिता लागणार होती. काम आधी सुरू झालेलं असलं तर चालू राहतं, नसलं तर थांबतं. थांबलं की मार्च येतो आणि मार्चला पैसे परत जातात. हे त्यांनी मला इतक्या सावकाश समजावलं, जणू मी कधी सरकारी अनुदानाची वाट पाहिलीच नव्हती. वाचनालयाच्या कपाटांचे पैसे असेच दोन मार्चांत परत गेले होते.

"म्हणून दोघांचं एका नावावर एकमत झालं," नगरसेवक म्हणाला. "तुम्ही. काकू तिथंच गेल्या. तुमच्या हाताला कोण नाय म्हणेल?"

"वर्ष आहे," मी म्हणालो.

त्या दहा महिन्यांत पहिल्यांदा त्या शब्दांनी समोरचा माणूस मागे सरला नाही. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. हे त्यांचं आधीच बोलून झालं होतं.

"काका, वर्ष आधी उरकता येतं," दुसरा म्हणाला. "माझ्या आईचं पाचव्या महिन्यात उरकलं. पोरीचं लग्न होतं."

हे खरं होतं. घरात लग्न, मुंज असलं तर वर्षश्राद्ध अलीकडे ओढतात. आमच्या नात्यातही ओढलं होतं. मी विचार करून सांगतो म्हणालो. ते उठले आणि दारात तिच्या चपलेला वळसा घालून गेले.

गुरुजींना विचारलं तेव्हा ते सुपारी कातरत होते. "घरात कार्य असेल तर शास्त्र परवानगी देतं," ते म्हणाले. "रस्त्यासाठी मी अजून कुणाचं ओढलेलं नाही." मग थोडे हसले. "पण गावाचंच कार्य समजू. अश्विनातल्या तिच्याच तिथीला करू. उरलेली मासिकं त्याच सकाळी घेऊ."

मुलगी नाशिकला असते. तिला फोन केला. सगळं सांगितलं.

"बाबा, आईचं वर्ष कुणाच्या फ्लेक्ससाठी संपवायचं?"

"फ्लेक्ससाठी नाही गं. रस्त्यासाठी."

"ते आधी करतील रस्ता, मग बोला."

"ते म्हणतात नारळाशिवाय होणार नाही."

"आणि तुम्ही ऐकलंत."

मी अजून काही ठरवलेलं नव्हतं. ठरलं ते दुसऱ्या दिवशी, रुग्णवाहिकेच्या चालकाशी बोलून. तो दुकानाच्या पायरीवर बसला होता. त्याला आमच्यातलं वर्ष ठाऊक होतं आणि दोन पुढारी येऊन गेल्याचंही.

"मी तुमाला करा बोलणार नाय," तो म्हणाला. "तुमच्या धर्माचं हाय ते. पण त्या नाक्यावर भोंगा लावून बसायचं म्हंजे काय, ते तुमी एकदा बघितलंत. मी दर आठवड्याला बघतो." मग विषय बदलून त्याने मला नवीन आलेला तांदूळ दाखवला.

अश्विन वद्य षष्ठीला श्राद्ध झालं. मुलगी आली. तिने सगळा स्वयंपाक केला, तिच्या आईसारखाच, फक्त गप्प राहून. गुरुजी एकेका उरलेल्या महिन्याचं नाव घेत होते आणि मी पाणी सोडत होतो. येणारे महिने असे संपतील असं मला वाटलं नव्हतं. मी त्यांची वाट पाहत होतो असंही तोवर कधी ध्यानात आलं नव्हतं. पानं उचलल्यावर मुलीने दाराशी जाऊन आईची चप्पल पिशवीत भरली. "आता वर्ष झालं ना," ती म्हणाली. "मग राहू कशाला द्यायची?" संध्याकाळच्या गाडीने ती परत गेली.

दोन दिवसांनी भूमिपूजन झालं. नाक्यावर उंच फ्लेक्स लावला होता. डावीकडे नगरसेवकाच्या गटाचे चेहरे, उजवीकडे दुसऱ्याच्या आणि मधोमध माझ्या बायकोचा फोटो. दहाव्याच्या निरोपाबरोबर मोबाइलवर पाठवला होता तोच. खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली' आणि त्याखाली त्याच आकाराच्या अक्षरांत 'दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा'. मला कुणी विचारलं नव्हतं.

मांडवाने रस्त्याची एक बाजू अडवली होती, त्यामुळे चारही बाजूंना गाड्या तुंबल्या. एका गाडीची काच खाली झाली आणि आतल्या बाईंनी पोलिसाला विचारलं, "क्या हुआ भैया, एक्सिडेंट?"

"नहीं मॅडम, रोड बन रहा है."

"तो बंद क्यों किया?"

पोलिसाने शिट्टी वाजवली. मी नारळ हातात घेतला. पहिल्यांदा आपटला तो फुटला नाही. मागून कुणी तरी म्हणालं, "काका, जरा राग येऊ द्या." लोक हसले. दुसऱ्यांदा फुटला. दोघा पुढाऱ्यांनी माझ्या दोन्ही हातांत एकाच कुदळीचा दांडा दिला, स्वतःही धरला आणि फोटो होईपर्यंत कुणी सोडला नाही.

दिवाळीत मी दारात कंदील लावला नाही. शेजारच्या वहिनी फराळाचं ताट घेऊन आल्या. वर्ष असलेल्या घरी शेजारपाजार फराळ देतात. ताट ठेवताना त्यांच्या ध्यानात आलं. "अगं बाई, तुमचं झालं ना आता वर्ष? मग कंदील का नाही लावला?" त्यांनी अगदी मायेने विचारलं होतं. माझ्याकडचे दोन शब्द मी देऊन बसलो होतो.

काम मात्र सुरू झालं, हे खरं सांगितलं पाहिजे. जेसीबी आला, आमच्या बाजूचा कडेचा भाग खोदला, खडी पडली, रोलर फिरला. आमच्याकडून येऊन खोपोलीच्या दिशेने डावीकडे वळणारा पट्टा तयार झाला; पनवेललाही तिकडूनच जातात. मग समोरची बाजू खोदताना पाण्याची मोठी लाईन लागली. ती हलवायचा खर्च मंजुरीत धरलेला नव्हता. त्यासाठी वेगळा प्रस्ताव, वेगळी मान्यता, आणि आता आचारसंहिता. ठेकेदार जेसीबी घेऊन दुसऱ्या कामावर गेला. खड्ड्याभोवती पिंपं आणि हिरवी जाळी उरली. तीन बाजूंनी नाका आधीपेक्षा अरुंद झाला. नगरसेवक भेटला तेव्हा म्हणाला, "काका, आमचा काय दोष? जमिनीखालचं कुणाला दिसतं?"

मार्गशीर्ष आला. तिची खरी तिथी जवळ आली. मी गुरुजींना फोन केला. ते समजुतीने बोलले, "वर्ष झालेलं आहे हो. एक श्राद्ध दोनदा कसं करायचं? आता पुढच्या वर्षी."

तिथीच्या सकाळी मी लवकर आंघोळ केली आणि मग काय करायचं ते कळेना. रुग्णवाहिकेचा चालक दारावरून जात होता, मला पाहून थांबला.

"डाव्या पट्ट्याचा उपयोग होतोय बरं का," तो म्हणाला. "चार दिवसांमागं वरच्या वाडीतली एक बाई नेली. नाक्यावर थांबावं लागलं नाय. सरळ वळलो. सगळीकडं तटलेलं होतं, आमी मात्र सुटलो."

"वाचली?"

"नाय. उशिरा आणली होती घरच्यांनी. पण पोचली वेळेत."

त्याच्या दृष्टीने हे दोन वेगळे हिशेब होते आणि त्यातला एक बरोबर आला होता. मी त्याला म्हटलं, मला त्या घरी नेशील का. त्याने कारण विचारलं नाही.

डोंगराच्या पायथ्याशी दहा-पंधरा घरांची वाडी. कुडाच्या भिंतीला टेकून तिचा नवरा बसला होता, माझ्यापेक्षा पुष्कळ लहान. त्याच्या आईने आम्हाला घोंगडी अंथरून दिली. माझीही बायको गेली आहे, हे चालकाने त्यांना सांगितलं. काय बोलायचं ते मी वाटेत ठरवलं होतं. तेवढंच बोललो.

"घाई करू नका. वर्ष पुरं घ्या. कुणी काही मागितलं तरी."

त्याने चालकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "वरीस?" तो म्हणाला. "काका, बारावं झालं का मी मजुरीवर. शेलूला इमारतीचं काम हाय, मुकादम त्याच्यावर थांबायचा नाय."

मला उठून जावंसं वाटलं. त्याची आई चुलीपाशी होती. तिने तिथूनच विचारलं, "तुमची बाय कदी गेली?"

गेले दोन महिने हा प्रश्न आला की मी 'वर्ष झालं' म्हणत होतो आणि प्रत्येक वेळी जीभ अडखळत होती.

"आज," मी म्हणालो. "आज वर्ष झालं."

म्हातारी उठली. तिने तांदळाची भाकरी आणि वालाची आमटी अ‍ॅल्युमिनियमच्या थाळीत वाढून माझ्यापुढे ठेवली. सुतकाच्या घरी जेवत नाहीत. चालकाने माझ्याकडे पाहिलं. त्यालाही ते ठाऊक होतं. मी भाकरीचा तुकडा मोडला. बाईचा नवरा माझ्या शेजारी सरकून बसला आणि आईला म्हणाला, "मला पन वाढ गं."